एप्रिलमध्ये पेरू नका: हरणांच्या दडणीसाठी स्विचग्रास

प्रश्न एका मराठी जोडप्याचा आहे. नोकरी अमेरिकेत, सेंट लुईसला, आणि उत्तर मिसूरीत नुकतीच 40 एकर जमीन घेतली आहे. त्यात 26 एकर ओक-हिकरीचं रान आणि 14 एकर जुनं कुरण. हरणं रात्री कुरण ओलांडून जातात, दिवसा मात्र शेजाऱ्याच्या रानात बसतात. “ती आमच्याकडे बसावीत म्हणून येत्या एप्रिलमध्ये सगळ्या 14 एकरांत स्विचग्रास हे इथलं उंच देशी गवत पेरायचं ठरवलंय. जात कोणती घ्यावी, बी किती लागेल, आधी नांगरून घ्यावं का, बाकीची देशी गवतं मिसळावीत का? आणि पुढेमागे चार शेळ्या सोडल्या तर चालेल का?”

आधी उत्तर, मग कारणं. एप्रिलमध्ये पेरू नका. नांगरू तर मुळीच नका. सगळे 14 एकरही एका गवताने भरू नका. आणि शेळ्यांचा विचार वेगळ्या तुकड्यासाठी राखून ठेवा.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: “आजूबाजूचं सगळं वाळलं तरी आमचं कुरण नोव्हेंबरात हिरवंगार होतं.” मिसूरीत नोव्हेंबरात हिरवं असलेलं जुनं कुरण म्हणजे टॉल फेस्क्यू नावाचं गवत, आणि त्यातही बहुधा केंटकी 31 ही जात. त्यातले 31 म्हणजे 1931. केंटकीतल्या एका डोंगरउतारावर त्या साली हे गवत विद्यापीठाच्या माणसांच्या नजरेत भरलं. 1943 मध्ये ती जात म्हणून बाहेर आली आणि धूप थांबवायला, गुरांना चरायला म्हणून अमेरिकी संयुक्त संस्थानांच्या मधल्या भागात पसरली. मूळ युरोपचं हे गवत चिवट इतकं, की त्याच्या पोटात राहणारी एक बुरशी त्याला दुष्काळातही तगवून धरते आणि खाणाऱ्या गुरांना मात्र त्रास देते. हरणाच्या दृष्टीने त्याचा दोष साधा आहे. त्याची पानं गुडघ्याच्या वर उभी राहत नाहीत, आणि बर्फ पडला की चटईसारखी आडवी होतात. त्यात ससा नीट लपत नाही, हरीण काय लपणार.

म्हणून तुमचं पहिलं काम गवत लावण्याचं नाही, मारण्याचं आहे. राहुरीला कृषी पदवी घेताना हरळीच्या शेतात घाम गाळलेला माणूस मी. फेस्क्यू हे इथलं हरळीचंच भावंड समजा. वरवर वखरलं की तात्पुरतं गप्प बसतं आणि दोन महिन्यांत दुप्पट जोमानं उठतं. वीस वर्षांहून जास्त काळ मी लोकांच्या जमिनींवर देशी गवतं पेरून देतोय, आणि मला बोलावलेल्या फसलेल्या पेरण्यांपैकी बहुतेक बियाण्यामुळे फसलेल्या नव्हत्या. फेस्क्यू अर्धवट मारलेलं होतं, एवढंच.

ते मारायचं वेळापत्रक असं. ऑगस्टमध्ये कुरण कापून घ्या. शेजारच्या गुरंवाल्याला गाठी बांधून नेऊ द्या, म्हणजे कापणीचा खर्चही वाचेल. मग त्याला 6 ते 8 इंच पुन्हा फुटू द्या. सप्टेंबरच्या अखेरीस ते ऑक्टोबरात, ते कोवळं आणि जोमात असताना, ग्लायफोसेट हे तणनाशक मारा. शरदात का? कारण तेव्हा हे गवत पानातली साखर मुळांकडे पाठवत असतं. औषधही त्याच वाटेनं खाली जातं. वसंतात मारलं तर पान जळतं, मूळ बऱ्याचदा वाचतं. कापल्याशिवाय मारलं तर जुन्या वाळक्या पानांवरच औषध वाया जातं. प्रमाण डब्यावरच्या लेबलप्रमाणे, त्याच्या वर नाही.

आता नांगराबद्दल. शेतकऱ्याच्या पोराला नांगरल्याशिवाय पेरणी झाल्यासारखी वाटत नाही, हे मला कुणी सांगायला नको. माझी इथली पहिली पेरणी मी तशीच केली: नांगरट, दोन कुळवाच्या पाळ्या, जमीन भगरीसारखी भुसभुशीत. पाहून मलाच कौतुक वाटलं. पेरणी यंत्राने बी त्या मऊ मातीत जवळजवळ इंचभर खाली घातलं. स्विचग्रासचा दाणा बाजरीपेक्षा बारीक, त्याला पाव इंच माती पुरते. इंचभर खालून वर येण्याइतकी शिदोरी त्याच्यापाशी नसते. तीन एकरांत मला पंधरा-वीस रोपं सापडली. त्याऐवजी वर्षानुवर्षं खाली निजलेलं फॉक्सटेल या तणाचं बी नांगराने वर आणलं होतं, ते मात्र झकास उगवलं. तेव्हापासून एक परीक्षा मी कधी चुकवत नाही: पेरणीआधी जमिनीवर चालून बघायचं. टाच अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतली तर जमीन फार पोकळ आहे. मेलेल्या फेस्क्यूखालची न हलवलेली घट्ट जमीन ही परीक्षा आपोआप पास होते.

पेरायचं कधी, तर पुढच्या वर्षी फेब्रुवारीत. स्विचग्रासच्या ताज्या बियांना सुप्तावस्था असते. ओलसर थंडीत काही आठवडे काढल्याशिवाय बरेच दाणे जागे होत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पेरलेल्या बियांपैकी एक हिस्सा म्हणूनच नुसता पडून राहतो आणि लोक बियाणेवाल्याला शिव्या घालतात. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथली जमीन रात्री गोठते आणि दुपारी सुटते. त्या आकुंचन-प्रसरणात मातीला बारीक भेगा पडतात आणि वर फोकलेलं बी आपोआप आत ओढलं जातं. ना यंत्र, ना नांगर. गळ्यात अडकवायचा हातफिरकीचा फोकणी डबा पुरतो. अट एकच, बी मातीला लागलं पाहिजे. मेलेल्या गवताचा जाड थर तसाच राहिला तर बी त्याच्यावर अधांतरी बसतं. म्हणून ऑगस्टची कापणी टाळू नका, आणि तरीही थर उरलाच तर पेरणीआधी परवानगीनं तो जाळून घ्या.

बियाण्याच्या पिशवीवर वजनापेक्षा महत्त्वाचा आकडा असतो तो शुद्ध जिवंत बियांचा. शुद्धता 98 टक्के आणि उगवण व सुप्त मिळून 90 टक्के असेल तर शंभर पौंडांत खरं कामाचं बी 88 पौंड. नुसत्या स्विचग्राससाठी एकरी 6 पौंड जिवंत बी धरा. म्हणजे या पिशवीतून 6.8 पौंड मोजून घ्यावे लागतील. पौंडाला अडीच लाखांहून जास्त दाणे, एकरात 43,560 चौरस फूट. हिशेब केलात तर दर चौरस फुटाला साधारण 35 दाणे पडतात. त्यांतून फुटाला एक रोप टिकलं तरी रान भरतं. लेबलवर सुप्त बियांचं प्रमाण वेगळं छापलेलं असतं, तेही वाचा. फेब्रुवारीच्या पेरणीत सुप्त दाणा चालतो, मेच्या पेरणीत तो त्या वर्षापुरता मेल्यातच जमा.

जातीबद्दल लोक फार वाद घालतात, मला त्यात तितकं तथ्य वाटत नाही. तुमच्या भागासाठी केव्ह-इन-रॉक डोळे मिटून घ्या. इलिनॉयमधल्या त्याच नावाच्या गावाजवळून गोळा केलेली आणि 1973 मध्ये मिसूरीतूनच प्रसृत झालेली ही जात. 5-6 फूट वाढते आणि इथली थंडी सोसते. ओढ्याकाठच्या ओलसर पट्ट्यात, किंवा रस्त्यावरून कुरण दिसू नये म्हणून भिंत हवी असेल तिथे, ओक्लाहोमाच्या मुळाची कॅनलो घ्या. ती आणखी उंच, काडी जाड, बर्फातही बऱ्यापैकी ताठ. टेक्सासची अलामो कुणी स्वस्तात देऊ केली तर नम्रपणे नको म्हणा.

पण जातीपेक्षा मोठा निर्णय आहे एकटं स्विचग्रास की मिश्रण. तो निर्णय तुमच्या तणनाशकाचाही निर्णय असतो, आणि हे फार कुणी आधी सांगत नाही. स्विचग्रास आणि बिग ब्लूस्टेम ही देशी गवतं ॲट्राझीन हे तणनाशक सोसतात. इंडियनग्रास आणि लिटल ब्लूस्टेम या दुसऱ्या दोन देशी गवतांची कोवळी रोपं त्यात मार खातात. इमॅझापिक नावाचं दुसरं औषध नेमकं उलटं: ब्लूस्टेम आणि इंडियनग्रास त्यातून तरतात, स्विचग्रासला ते बाधतं. रानफुलं मिसळलीत तर दोन्ही औषधांचे दरवाजे जवळपास बंद. म्हणजे सगळं एका पिशवीत मिसळून पेरलंत की उगवल्यावर तणांपुढे हातात फक्त कापणी यंत्र उरतं. शिवाय स्विचग्रास दांडगं आहे. मिश्रणात एकरी एक पौंडाच्या वर गेलं की चार-पाच वर्षांत बाकीच्यांना बाजूला सारतं.

मी तुमच्या जागी असतो तर वेगवेगळे तुकडे पाडले असते. साधारण 5 एकर नुसतं स्विचग्रास, दोन-तीन वेड्यावाकड्या तुकड्यांत. 5-6 एकर बिग ब्लूस्टेम, इंडियनग्रास, लिटल ब्लूस्टेम आणि देशी फुलझाडं. उरलेल्यात झुडपं आणि मोकळ्या वाटा. मिश्रणाच्या बाजूला एक अडचण येईल: ब्लूस्टेमचं बी कुसळासारखं केसाळ असतं, फोकणीच्या डब्यातून ते घसरतच नाही. त्याला केसाळ बियांची खास पेटी असलेलं, न नांगरता पेरणारं यंत्र लागतं. बऱ्याच काउंट्यांत मृदसंधारण कचेरीकडून ते भाड्यानं मिळतं.

जाता जाता: ‘देशी’ या शब्दावर मी इतका का अडतो? आपल्याकडे माळरानावरचं मारवेल म्हणजे गुरांचं सोनं. तेच मारवेल टेक्सासमध्ये क्लेबर्ग ब्लूस्टेम या नावानं उपद्रवी ठरलंय, तिथल्या मूळ गवतांना हटवून बसलंय. गवत तेच, जागा चुकली. त्याच गोतातली ‘यलो’ आणि ‘कॉकेशियन’ ब्लूस्टेम ही आशियाई गवतं तुमच्या राज्यातही पसरतायत, तेव्हा पिशवीवर नुसतं ब्लूस्टेम दिसलं म्हणून भुलू नका. आणि गंमत बघा, स्विचग्रासचं घराणं पॅनिकम, म्हणजे आपल्या उपासाच्या वरईचंच. बी हातात घेतलंत की ओळख पटेल.

आता हरणांकडे वळू, कारण शेवटी हे सगळं त्यांच्यासाठी. पहिला गैरसमज काढून टाका: पांढऱ्या शेपटीचं हरीण स्विचग्रास खायला येत नाही. त्याचं पोट भरतं पानांवर, कोवळ्या फांद्यांवर, ओकच्या फळांवर आणि शेजाऱ्याच्या सोयाबीनवर. गवत त्याला हवं असतं बसायला. अंग लपावं, वारा अडावा, आणि आपण दिसण्याआधी येणारा आपल्याला दिसावा किंवा त्याचा वास यावा. म्हणून ते 14 एकरांच्या एकसारख्या गवताच्या मधोमध क्वचित बसतं. बसतं ते कडेपासून थोडं आत, जिथे दोन गोष्टी भेटतात: गवत आणि झुडूप, उतार आणि सपाटी, उंच आणि बुटकं. एकसंध चौकोनाला कड फक्त चार बाजूंनी असते. तोच तुकडा नागमोडी केला, मध्ये रानटी प्लम आणि डॉगवूडची बेटं ठेवली, की कड कितीतरी वाढते. ही बेटं पेरणीच्या वेळीच आखून खुंट्या ठोकून ठेवा, फवारणीवाल्यालाही दाखवा. नंतर दाट स्विचग्रासमध्ये झुडूप लावायला गेलात तर ते जगत नाही.

दक्षिणेकडे तोंड असलेला उतार तुम्ही पाठवलेल्या नकाशात दिसतोय, ओढ्याच्या वरचा. दडणीचा सगळ्यात दाट तुकडा तिथं द्या. जानेवारीत वायव्येचा बोचरा वारा पाठीमागच्या रानानं अडतो आणि ऊन अंगावर येतं. थंडीत हरणं अशाच जागी दिवस काढतात. रान आणि कुरण यांच्या सीमेवर आत्ता मोठी झाडं एकदम संपतात आणि गवत सुरू होतं, तीही कड मऊ करा. काठावरच्या 30-40 फुटांतली कमी मोलाची झाडं पाडून तशीच पडू द्या. त्यांच्यामधून ब्लॅकबेरी आणि झुडपं दोन वर्षांत उठतात, आणि गवत उगवण्याची वाट न बघता तुम्हाला पहिली दडण मिळते. रेड सिडर हे झाड मात्र जपून. दोन-चार ठीक, पुढे तो सगळं कुरण गिळतो.

आणि मग तिथे जाऊ नका. शिकार करा किंवा नुसती दुर्बीण घेऊन बसा, येण्याजाण्याची वाट तुकड्यांच्या बाहेरून, वाऱ्याच्या खालच्या अंगानं ठेवा. नवीन मालकाला दर शनिवारी आपलं गवत किती वाढलं ते बघायचं असतं. हरणं शेजाऱ्याकडे बसतात त्याचं अर्धं कारण, माझ्या अनुभवात, शेजारी तिथे फिरकत नाही हे असतं.

मे अखेर ते जून हा पाडसांचा काळ. मादी पिल्लाला गवतात निजवून चरायला जाते. पिल्लाला वास जवळपास नसतो, धोका आला तर ते पळत नाही, अंग चोरून पडून राहतं. म्हणजे कापणी यंत्र आलं तरी ते उठत नाही. एकदा गवत जमल्यावर त्या काळात आत यंत्र घालू नका. एकटं सापडलेलं पाडस पोरकं समजून घरीही आणू नका. आई जवळच असते.

पेरणीच्या वर्षी काय होईल ते आत्ताच सांगतो, नाहीतर जूनमध्ये तुम्ही सगळं नांगरून टाकाल. एप्रिलच्या शेवटी, स्विचग्रास उगवण्याआधी, हिरव्या झालेल्या तणांवर आणि उरलेल्या फेस्क्यूवर पुन्हा ग्लायफोसेट. आधी गुडघे टेकून बघा, कोवळी रोपं वर आली असतील तर थांबा. नुसत्या स्विचग्रासच्या तुकड्यात याच वेळी उगवणपूर्व तणनाशक देता येतं. ॲट्राझीन विकत घ्यायला परवाना लागतो, म्हणून परवानाधारक फवारणीवाला बघा, आणि तुमच्या राज्यात या वापराला लेबल परवानगी देतं का ते त्याच्याकडूनच वाचून घ्या. खत पहिल्या वर्षी अजिबात नको. नत्र टाकलंत की ते तणच खाणार.

मे-जूनमध्ये रान म्हणजे नुसता तणांचा बाजार दिसेल. स्विचग्रासचं रोप त्या वर्षी सगळी कमाई मुळात घालतं. पुढे ही मुळं 8-10 फूट खोल जातात. वर दिसतं एक पातळसं पातं. तण गुडघ्याला लागलं की यंत्राचं पातं 8-10 इंचांवर ठेवून कापा, म्हणजे तणाचा शेंडा जातो आणि आपलं रोप खाली वाचतं. गरज पडली तर पुन्हा एकदा, पण ऑगस्टच्या सुरुवातीनंतर नाही. इथले जुने लोक म्हणतात, पहिल्या वर्षी झोपतं, दुसऱ्या वर्षी रांगतं, तिसऱ्या वर्षी उडी मारतं. हरणं खरी बसायला लागतात ती दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी किंवा तिसऱ्यात. घाई असेल तर वर सांगितलेली काठाची झाडं आधी पाडा.

तिसऱ्या वर्षानंतर गवताला आग लागते, म्हणजे लावावी लागते. आपल्याकडे वणवा म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि इथे मी स्वतः काडी लावतो, हे गावी सांगितलं तर कुणाला पटत नाही. पण ही गवतं आगीबरोबरच वाढलेली आहेत. मिसूरीत एकेकाळी दीड कोटी एकर प्रेअरी, म्हणजे मूळ गवताळ रान, होती, आज एक टक्काही उरलेली नाही. नांगर आणि फेस्क्यू यांच्याबरोबर आग बंद होणं हेही त्याचं एक कारण. दरवर्षी फक्त एक तृतीयांश भाग जाळा, म्हणजे दोन तृतीयांश दडण कायम उभी राहते. वसंतात उशिरा जाळलं तर गवत जोर धरतं, हिवाळ्यात लवकर जाळलं तर फुलझाडांना वाव मिळतो. एकट्यानं हे कधीच करू नका. जाळरेषा आधी कापलेली, अग्निशमन दलाला कळवलेलं, आणि सोबत अनुभवी माणूस हवा.

शेळ्यांचं उत्तर राहिलं. स्विचग्रासमध्ये सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. घोडे, मेंढ्या आणि शेळ्यांच्या यकृताला ते बाधतं आणि उन्हात कातडी भाजल्यासारखी होते. गुरांना सहसा त्रास नाही. म्हणून शेळ्या या गवतात नकोत, आणि घोडेवाल्या शेजाऱ्याला याच्या गाठी प्रेमानं देऊ नका.

पैशांचं एक: राज्याच्या संवर्धन खात्याचा खाजगी जमिनींसाठीचा सल्लागार फुकट येऊन जमीन बघतो, त्याला बोलवा. काउंटीच्या केंद्रीय कृषी कचेरीत इक्विप या संवर्धन योजनेतून खर्चाचा काही भाग मिळू शकतो. मात्र करार होण्याआधी सुरू केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा अर्ज आधी, फवारणी नंतर. तुम्ही एप्रिलमध्ये पेरत नाही आहात, म्हणून त्यासाठी वेळही हाताशी आहे. आणि ऑगस्टमध्ये गाठी करून नेणारा शेजारी आत्ताच ठरवून ठेवा; तेव्हा प्रत्येकाचं यंत्र दुसऱ्याच्या शेतात अडकलेलं असतं.